टबॉगन: एक बर्फावर बसायची, एक डोक्यावर घालायची

नॉर्थ कॅरोलायनातला आमचा तो पहिला हिवाळा. सकाळी लेकीला घेऊन बसथांब्याकडे निघाले, तेवढ्यात शेजारच्या आजींनी हाक मारली, "पोरीची टबॉगन कुठाय?" टबॉगन म्हणजे बर्फावरची घसरगाडी, एवढंच मला ठाऊक होतं. रस्त्यावर बर्फाचा कण नव्हता, नुसता बोचरा वारा. मी गोंधळलेली पाहून आजींनी स्वतःच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, कडेची घडी उलगडली आणि लेकीच्या कानांवर ओढून बसवली. लाल टोपी, वर पांढरा गोंडा. "ही," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांनी आम्ही कॅनडात, ऑटावाला आलो. इथे "रविवारी टबॉगनिंगला येताय ना?" असं कुणी विचारलं तर टेकडीवर घसरायला चला, असाच अर्थ. टोपीला इथे टूक म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिणेत आणि अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात मात्र टबॉगन म्हणजे टोपीच, लाडाने नुसतं 'बॉगन'.

हा लेख पहिल्या हिवाळ्यातल्या मराठी घरांसाठी आहे. आपण लहानपणी घसरगुंडी खेळलो ती बागेतली, लोखंडी. बर्फाची टेकडी आपल्या अंगवळणी पडलेली नसते, आणि सोबत मावशी-काकाही नसतात, "तिथून नको रे" म्हणायला. म्हणून गाडी, टेकडी आणि टोपी या तिन्हींबद्दल जे हळूहळू कळत गेलं, ते सगळं लिहिते आहे.

एक शब्द, दोन वस्तू

हा शब्द मिकमॅक लोकांच्या भाषेतून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. मिकमॅक, क्री, इनू हे उत्तरेकडचे मूळ रहिवासी लाकडाच्या पातळ फळ्यांचं पुढचं टोक वाफेवर वळवून ही गाडी करत. शिकार, सरपण, तंबूचं सामान त्यावर लादायचं आणि ओढत न्यायचं. तिला खाली घसरायच्या अरुंद पट्ट्या (रनर) नसतात, हे नीट लक्षात घ्या. पट्ट्यांची गाडी खोल, भुसभुशीत बर्फात रुतते. टबॉगनची अख्खी फळी बर्फावर टेकते, वजन पसरतं आणि गाडी तरंगल्यासारखी वर राहते. पुढच्या वळलेल्या टोकाचा बाक बर्फाला फोडत नाही, दाबत जातो.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माँट्रियालमध्ये टबॉगनिंगचे क्लब निघाले. मंडळी घोंगडीच्या कापडाचे कोट, कमरेला विणलेले पट्टे आणि डोक्यावर लांब शेपटीच्या लोकरी टोप्या घालून टेकडीवर जात. ती 'टबॉगन कॅप'. दक्षिणेत त्यातला 'कॅप' गळून पडला आणि टोपीचंच नाव टबॉगन झालं. आजींचा प्रश्न मला उलगडला तो हे कळल्यावर.

आधी टेकडीचा पायथा बघा

नवखी माणसं आधी गाडी विकत घेतात. माझं ऐकाल तर आधी टेकडी बघून या, तीही दुपारच्या उजेडात आणि रिकाम्या हाताने. आणि टेकडी बघायची ती खालून. उतार किती मजेचा आहे हे वरून दिसतं, पण गाडी कुठे जाऊन थांबणार हे खालीच कळतं.

हे आम्ही अनुभवाने शिकलो. ऑटावातल्या पहिल्याच वर्षी घराजवळच्या एका लहानशा उतारावर लेकीला प्लास्टिकच्या गोल तबकडीत बसवलं. उतार जेमतेम दोन मजली उंच. तबकडी मधेच गिरकी घेऊन उलटी फिरली, लेक पाठमोरी खाली गेली आणि पायथ्याच्या तारेच्या कुंपणावर पाठ आपटून थांबली. जाड जाकिटामुळे एका निळ्या वळावर भागलं. कुंपण मला वरूनही दिसत होतं. पण ते "लांब आहे" असं मी मनात धरलं होतं, आणि बर्फावर लांबचं अंतर फार चटकन संपतं.

तर पायथ्याशी उभं राहून काय बघायचं? उतार संपल्यावर निदान उताराइतकीच सपाट, मोकळी जागा हवी. झाड, विजेचा खांब, बसायचं बाकडं, कुंपण, दगड, रस्ता, गाड्यांचा तळ, गोठलेलं तळं किंवा नदी यातलं काहीही त्या रांगेत नको. गोठलेल्या पाण्याच्या दिशेने उतरणारी टेकडी तर कितीही सुंदर असो, सोडून द्या. झाडांभोवती गवताच्या पेंढ्या बांधलेल्या दिसल्या तर ती टेकडी कुणीतरी सांभाळतं आहे असं समजा, पण पेंढी गोठली की दगडासारखी होते. तिच्या भरवशावर राहू नका.

मग नगरपालिकेचं संकेतस्थळ उघडा. ऑटावासारखी शहरं घसरायला परवानगी असलेल्या टेकड्यांची यादी देतात आणि जिथे मनाई आहे तिथे पाटी लावतात. "सगळे जातात" हे मनाईच्या पाटीला उत्तर नव्हे. ऑटावात आर्बोरेटम या वृक्षउद्यानातल्या टेकडीवर पिढ्यान्‌पिढ्या मुलं घसरत आली आहेत, पण तिथे जातानाही त्या वर्षीची सूचना वाचूनच निघा, नियम बदलत असतात.

गाडी कोणती घ्यावी

दुकानात चार-पाच प्रकार दिसतील. गोल तबकडी स्वस्त, पण ती वळवताच येत नाही आणि आपोआप गरगर फिरते. लहान मुलांच्या पहिल्या दिवसाला ती मला नकोच वाटते. गुंडाळून काखेत मारता येणारी प्लास्टिकची पातळ चटई फार वेगाने पळते आणि खालचा प्रत्येक खडा पाठीला सांगते. हवेची ट्यूब मऊ असते, पण उसळते आणि तिच्यावरही ताबा राहत नाही. काठ उंच असलेली, दोरी बांधलेली लांबट प्लास्टिकची होडी ही चार-पाच वर्षांच्या मुलासाठी सगळ्यात बरी. मागे मोठं माणूस बसू शकतं आणि परतीच्या वाटेवर दमलेलं मूल त्याच होडीत ओढून नेता येतं.

आणि मग खरी लाकडी टबॉगन. अ‍ॅश, मेपल किंवा बर्चच्या पातळ फळ्या, पुढे सुरेख वळलेला बाक, दोन्ही कडांनी ओवलेली दोरी, वर लांब गादी. सहा फुटी गाडीवर आई, बाबा आणि एक मूल आरामात मावतं. ती जुन्या सामानाच्या विक्रीत स्वस्तात मिळते. घेताना उलटी करा आणि तळावरून हात फिरवा. कुसळं, वर आलेले खिळे किंवा स्क्रू, फळ्यांमधली चीर यातलं काही हाताला लागलं तर ठेवून द्या. बाकाला पक्का ताण देणारी दोरी तुटलेली असेल तर ती बदलता येते, पण तडकलेला बाक दुरुस्त होत नाही.

लाकडी गाडीला मेण लावावं लागतं. तळ कोरडा करून पांढरी मेणबत्ती लांबीच्या दिशेने घासा, मग जुन्या लोकरी मोज्याने चोळून चकचकीत करा. मेण नसलं तर ओलसर बर्फ लाकडाला चिकटतो आणि गाडी उताराच्या मध्यावरच बसकण मारते.

बर्फही ओळखायला शिका. नुकता पडलेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फ गाडीला वेगाने जाऊ देत नाही. पहिले काही फेरे वाट दाबण्यातच जातात. लोकांच्या जाण्या-येण्याने घट्ट बसलेला, वर थोडा ताजा भुरका असलेला बर्फ उत्तम. पाऊस पडून मग रात्री गोठलं असेल तर टेकडीवर काचेचा थर बसतो. त्या दिवशी चढताना बूट घसरतो आणि उतरताना गाडी कुणाचंच ऐकत नाही. त्या दिवशी घरी राहा. मुलं कितीही रुसली तरी.

कपडे आणि डोकं

अंगाला चिकटून सुती बनियन नको. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि अंगातली ऊब काढून घेतं. आत थर्मल, वर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर पाणी न शिरणारं जाकीट आणि बर्फाची विजार. हाताला पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा एकत्र बोटांचे जाड मोजे जास्त उबदार, आणि त्यांची एक सुकी जोडी पिशवीत असायलाच हवी. लहान मुलं बर्फ हातात घेणारच.

आता डोक्याबद्दल. घसरताना मुलांच्या डोक्यावर हेल्मेट हवं, स्कीइंगचं किंवा हॉकीचं, आणि माझ्या मते मोठ्यांच्याही. इथेच दोन टबॉगनांचं जमत नाही. गोंड्याची जाड टोपी हेल्मेटच्या आत घातली की हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा सैल पडतो आणि धक्का बसला तर ते डोक्यावरून सरकतं. म्हणून घसरताना हेल्मेटखाली पातळ, सपाट टोपी, किंवा हेल्मेटला उबदार अस्तर असेल तर काहीच नको. विणलेली टबॉगन खिशात ठेवायची आणि रांगेत उभं राहताना, चहा पिताना, घरी चालत जाताना घालायची. गळपट्ट्याची टोकं जाकिटात खोचा, किंवा त्याऐवजी गळ्यात घालायचं विणलेलं कडं वापरा. लोंबणारा गळपट्टा, जाकिटाची नाडी, टोपीची बांधायची दोरी यातलं काहीही गाडीखाली अडकू शकतं.

थंडीचा अंदाज घेताना नुसतं तापमान बघू नका, वाऱ्यासकटचा आकडा बघा. कॅनडाच्या हवामान खात्याच्या मोजणीप्रमाणे हा आकडा उणे २८ ते उणे ३९ च्या दरम्यान असला तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. नाकाचा शेंडा, कानाची पाळी किंवा गाल पांढरट, मेणासारखा दिसला आणि मुलाला तिथे काहीच जाणवत नसेल, तर लगेच आत जा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. कोमट पाण्याने किंवा हाताच्या उबेने हळूहळू गरम करा आणि रंग परत येत नसेल तर डॉक्टरांना गाठा.

पहिला फेरा

टेकडीच्या मधोमध चढायचं नाही, कडेने चढायचं. वर पोचल्यावर गाडी उताराला आडवी ठेवा, नाहीतर ती तुम्हाला सोडून एकटीच निघते. मूल आणि मोठं माणूस असे दोघंच बसा. लाकडी गाडीवर सर्वांत हलकं माणूस पुढे, पाय बाकाच्या आत दुमडलेले. मागच्याचे पाय पुढच्याच्या दोन्ही बाजूंनी. हात कडेच्या दोरीवर, पण दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका. तोंड पुढे करून पोटावर झोपून जाणं मोठ्या मुलांना फार आवडतं. ते नकोच, कारण मग सगळ्यात पुढे डोकं असतं.

खालची वाट पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबा. मग कमरेतून थोडं पुढे झुका, एवढंच. टबॉगन नीट वळत नाही, हे आधीच मान्य करून बसा. डावीकडे कललं की ती किंचित डावीकडे झुकते, मागच्याने टाच हलकी टेकवली तर त्या बाजूला थोडी ओढली जाते. याहून जास्त ताबा तिच्यावर नसतो.

म्हणूनच मुलांना एक गोष्ट सपाट जमिनीवर आधी शिकवून ठेवा: गाडी कशावर आदळणार असं दिसलं की गाडी सोडायची, बाजूला लोळायचं. गाडी वाचवायची नाही. आम्ही अंगणात बर्फावर याचा सराव केला. मी "सोड!" म्हटलं की लेक कुशीवर पडायची, हात छातीशी घेऊन. हा खेळ तिला घसरण्याइतकाच आवडला आणि पुढे दोनदा उपयोगी पडला. खाली पोचल्यावर हसत तिथेच पडून राहायचं नाही, उठून लगेच बाजूला व्हायचं, कारण मागची गाडी निघालेली असते.

डिसेंबरच्या शेवटी ऑटावात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. त्यामुळे जेवण लवकर उरकून एकच्या सुमाराला निघा. दीड तास लहान मुलांना पुष्कळ होतो. थर्मासमध्ये आल्याचा चहा, मुलांना गरम दूध. संक्रांत ऐन बर्फाच्या दिवसांत येते, तेव्हा तिळगूळ न्यायला विसरू नका, पण वड्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा. बाहेरच्या खिशात ठेवलेल्या अशा कडक होतात की दाढ दुखते.

मोकळ्या टेकडीची भीती वाटत असेल तर क्वेबेक सिटीला जाऊन या. शातो फ्राँतनाक हॉटेलशेजारच्या दुफरँ टेरेसवर १८८४ पासून टबॉगनची उतरंड आहे. आखलेल्या मार्गातून गाडी सुटते, ताशी ७० किलोमीटरपर्यंत वेग घेते, आणि समोर सेंट लॉरेन्स नदी दिसते. मध्ये कुणी येत नाही, झाड नाही, खांब नाही.

आता टोपी: क्रोशाने

लहानपणी आईकडून साखळी आणि खांब शिकलेल्या प्रत्येकीला ही जमेल, आणि प्रत्येकालाही. लागेल ती मध्यम जाडीची लोकर, जिच्यावर ४ हा आकडा छापलेला असतो, साधारण १०० ग्रॅमची एक लडी, आणि ५ मिलिमीटरची सुई. गोंड्यासाठी वेगळ्या रंगाची थोडी. अस्सल लोकर ओलसर झाली तरी ऊब देते, म्हणून बर्फासाठी मी तीच घेते. अ‍ॅक्रिलिक यंत्रात धुता येतं, शाळेत हरवणाऱ्या टोप्यांसाठी ते ठीक.

आधी माप. टेप कपाळावरून, कानांच्या थोडं वरून, डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून फिरवा. मोठ्यांचं डोकं साधारण ५५ ते ५८ सेंटिमीटर भरतं, पाच-सात वर्षांच्या मुलाचं ५१-५२. टोपी त्याहून चार-पाच सेंटिमीटर कमी करायची. ती ताणून बसते, तेव्हाच वाऱ्यात उडत नाही.

चार साखळ्या जोडून कडं करा. तीन साखळ्या वर घ्या, हा पहिला खांब, आणि कड्यात आणखी ११ खांब घालून ओळ स्लिप स्टिचने बंद करा: १२. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबात दोन: २४. तिसरीत एक साधा, पुढच्यात दोन: ३६. चौथीत दोन साधे, तिसऱ्यात दोन: ४८. पाचवीत तीन साधे, चौथ्यात दोन: ६०. सहावीत चार साधे, पाचव्यात दोन: ७२. ही झाली मोठ्यांची चकती, सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाची. मुलासाठी सहाव्या ओळीत नऊ साधे आणि दहाव्यात दोन, म्हणजे ६६ वर थांबा.

इथे चकती टेबलावर ठेवून बघा. ती सपाट बसली पाहिजे. वाटीसारखी वर उचलली गेली तर तुमचा हात घट्ट आहे, अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्या. काठ झालरीसारखा लाटा घेऊ लागला तर हात सैल आहे, बारीक सुई घ्या. उसवायला लागलं तरी उसवा. इथे केलेली चालढकल शेवटच्या ओळीपर्यंत दिसत राहते.

आता वाढवणं बंद. मोठ्यांच्या टोपीला सात ओळी, मुलांच्या टोपीला सहा ओळी सरळ विणा, एका खांबावर एक खांब. चकतीची कड आपोआप खाली वळते. त्यानंतर कडेची घडी. इथे सुई खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या अंगाभोवती घालायची: एकदा पुढून, एकदा मागून, पुन्हा पुढून. अशा सहा-सात ओळी झाल्या की सुयांवरच्या उलट-सुलट विणीसारख्या उभ्या धारा उठतात आणि काठ ताणला तर परत जागेवर येतो. हा काठ अर्धा वर दुमडला की कानांवर लोकरीचा दुहेरी थर येतो. आजींनी लेकीच्या कानांवर ओढली ती हीच घडी.

दोन सुयांची सवय असेल तर ४० सेंटिमीटरची गोल सुई, ५ मिलिमीटर जाडीची, आणि ८८ टाके घ्या. दोन सुलट दोन उलट असा आठ सेंटिमीटर काठ, मग सगळं सुलट, काठ धरून २० सेंटिमीटरपर्यंत. पुढे टाके आठ भागांत वाटून एक ओळ आड प्रत्येक भागात दोन टाके एकत्र करत जा. शेवटी उरलेले आठ टाके दोऱ्यात ओवून आवळा. क्रोशापेक्षा ही वीण जास्त लवचीक.

क्रोशाच्या टोपीला मात्र खांबांमध्ये फटी राहतात आणि उणे वीसच्या वाऱ्यात त्या जाणवतात. आतून फ्लीसची पट्टी, कानांच्या उंचीची, हाताने टाचून घ्या. कपाळाची खाजही थांबते.

गोंड्यासाठी दहा सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्यावर लोकर शंभर-सव्वाशे वेढे गुंडाळा, मधोमध मजबूत दोऱ्याने करकचून बांधा, दोन्ही टोकं कापा, कात्रीने गोल करा. मग तो टोपीला कायमचा शिवू नका. टोपीच्या आत एक मोठं बटण ठेवा आणि गोंड्याचा दोरा त्याभोवती अडकवा. धुताना काढता येतो, आणि लेकीला दर महिन्याला रंग बदलता येतो.

घरी परतल्यावर

लाकडी गाडीवरचा बर्फ झटका, तळ पुसा आणि ती भिंतीला टेकवून उभी करा, बाक वर. हीटरजवळ नको, लाकूड तडकतं. लोकरीची ओली टोपीही हीटरवर टाकू नका आणि पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून हलकं दाबा, दुसऱ्या सुक्या टॉवेलवर आडवी पसरा, काठाची घडी उलगडून. सकाळपर्यंत वाळते. गोंडा बोटांनी फुलवा आणि दाराजवळच्या खुंटीला लावून ठेवा.